फिरकीचा तांब्या आणि निळी बाटली

ही गोष्ट २०१८ सालची आहे. त्या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, समुद्राकाठच्या एका कड्यावर, माझ्यामुळे एका चांगल्या बाईचे मोठे नुकसान झाले. ते भरून आले नाही.

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखे भांडे पाहिलेही नसेल, म्हणून सांगतो. माझे पोट गोल आहे आणि गळा अरुंद. गळ्याला आटे पाडलेले आहेत. झाकण त्यांवर फिरवून घट्ट बसवले की मला आडवा करा, उलटा करा, थेंब सांडत नाही. झाकणाच्या आत एक छोटी वाटी बसते. तिच्यात पाणी ओतून प्यायचे. वर धरायला कडी आहे. प्रवासाला निघणाऱ्या माणसाची इतकी नीट सोय पुढे कुणी केली नाही, असे माझे मत आहे. हे मत मी थोड्या रागानेच सांगतो आहे. त्याचे कारण पुढे येईल.

मला कोल्हापूरच्या एका तांबटाने घडवले. पितळेचा पत्रा लाकडी हातोडीने ठोकून ठोकून त्याने माझे पोट फुगवले. शेवटी आतून कल्हई केली. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला तर तो कळकतो, म्हणजे विषारी होतो. तसे होऊ नये म्हणून आतून कथलाचा पातळ थर देतात, त्याला कल्हई म्हणतात. मी बाहेरून सोन्यासारखा पिवळा होतो आणि आतून चांदीसारखा पांढरा. १९७२ साली सरोजिनीबाईंच्या मामांनी मला लग्नाच्या आहेरात दिले आणि मी त्यांच्याबरोबर म्हैसूरला आलो.

सासरच्या घराला म्हैसुरात तीन पिढ्या झाल्या होत्या. मराठी बोलता बोलता तिथली माणसे कन्नडात कधी शिरत आणि कधी परत येत, ते त्यांनाही कळत नसे. सरोजिनीबाई शाळेत भूगोल शिकवत. त्यांचे यजमान त्र्यंबकराव मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात नकाशे आणि आराखडे काढत. दोघांनाही चालण्याचे वेड होते. १९७९ च्या डिसेंबरात ती दोघे पहिल्यांदा समुद्राकाठी गेली आणि तिथेच त्यांनी एक पण केला. गोकर्णापासून होन्नावरपर्यंतचा सगळा किनारा पायी चालायचा. एकदम नव्हे. दर डिसेंबरात तीनचार दिवस जायचे, एका दिवसात एक तुकडा चालायचा आणि संध्याकाळी मुक्कामाला परतायचे. चाललेला तुकडा नकाशावर लाल पेन्सिलीने रंगवायचा. वाहनात बसून गेलेला भाग धरायचा नाही. नदीवरची तर, म्हणजे पैलतीरी नेणारी होडी, मात्र चालेल, कारण पाण्यावरून चालायला आपण कुणी महात्मे नव्हेत, असे त्र्यंबकराव म्हणाले.

तो किनारा सरळ नाही. लाल जांभ्या दगडाचे कडे थेट पाण्यात उतरतात. दोन कड्यांच्या मध्ये ओंजळीएवढी वाळू. मध्येच केवड्याचे बन, आणि एखाद्या टेकाडावर पडका कोट. कुणी बांधला, कुणी पाडला, ते गावातही धड कुणी सांगत नसे. बुरुजातून वडाची मुळे लोंबत आणि दाराच्या कोनाड्यात शेंदराचा मारुती असे. अशा प्रत्येक मारुतीच्या पायांवर म्हैसूरच्या घरचे चार थेंब पाणी घालायचे, हा सरोजिनीबाईंचा नेम होता. ते पाणी माझ्यातले. ती वाटी कोनाड्याकडे जाई तेव्हा मला वाटे, एवढी सगळी वाट ही दोघे माझ्यासाठीच चालत आली आहेत.

मित्रांनो, मी पहिल्यापासून हेवेखोर होतो, हे कबूल करतो. त्र्यंबकरावांच्या छत्रीचा मला हेवा वाटे, कारण ती त्यांच्या हातात असे आणि मी खांद्यावरच्या पिशवीत. शहाळे विकणारा दिसला की माझ्या पोटात दुखू लागे. एकदा सरोजिनीबाई एका विहिरीचे पाणी पिऊन म्हणाल्या, “किती गोड आहे हो!” त्या विहिरीवर मी तीन वर्षे राग धरून होतो. पण तो हेवा लहान होता. संध्याकाळी मला रिकामा करून, पुसून, उशाशी ठेवले की तो विरघळून जाई.

दर दोन वर्षांनी आमच्या गल्लीत कल्हईवाला येई. ‘कलायी, कलायी’ अशी त्याची हाक ऐकली की मला उत्साह येई. तो जमिनीत खड्डा करून भाता लावी, मला निखाऱ्यावर तापवी, आत नवसागराची पूड टाकून कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवी. क्षणात मी आतून नवा होई. एका वर्षी तो आला नाही. पुढच्या वर्षीही आला नाही. कुणाच्या लक्षातसुद्धा आले नाही, कारण तोवर घरात सगळे स्टीलचे झाले होते.

मग त्यांचा मुलगा अनुराग याचे लग्न झाले. सून ईश्वरी नाशिकहून आली. ती नीटनेटकी आणि मायाळू होती. मला पाहून म्हणाली, “केवढा सुंदर आहे हा! शोकेसमध्ये ठेवू.” आणि मी काचेआड गेलो. दसऱ्याला बाहुल्या मांडत, इथे त्यांना गोंबे म्हणतात, तेव्हा मला त्यांच्यात कलश म्हणून बसवत. येणाऱ्या बायका माझे कौतुक करत. परंतु ज्याने समुद्राचा वारा खाल्ला आहे, त्याला लाकडी राजाराणीच्या शेजारी नऊ दिवस बसून काय सुख?

डिसेंबरातल्या फेऱ्या चालूच होत्या. मला मात्र नेत नसत. प्लास्टिकच्या बाटल्या नेत आणि परतताना टाकून देत. त्यांचा मला हेवा वाटला नाही. एका दिवसाच्या पाहुण्यांचा कसला हेवा?

२०१७ साली सरोजिनीबाईंच्या वाढदिवसाला ईश्वरीने त्यांना एक निळी बाटली भेट दिली. दुहेरी भिंतीची, पाणी दिवसभर गार ठेवणारी.

मित्रांनो, त्या दिवसापासून मला खरा मत्सर म्हणजे काय ते कळले. ती बाटली सरोजिनीबाईंच्या उशाशी झोपे. सकाळी कुक्करहळ्ळी तळ्याच्या फेरीला त्यांच्या हातात जाई. तिला पोट नव्हते, कडी नव्हती, टिचकी मारली तर नादही निघत नसे. एकदा ती जिन्यावरून पडली. तिला पोचा आला. सगळे घर धावले. “लागलं का बघ ग तिला!” असे सरोजिनीबाई म्हणाल्या. बाटलीला लागले का! माझ्या अंगावर तर चौदा पोचे आहेत, आणि त्यांतला एकेक कुठल्या कड्यावरचा, ते मी सांगू शकतो. पण मला कोण विचारणार? काचेआडून मी रोज तिचे जाणेयेणे पाहत असे आणि मनात म्हणत असे, एकदा, फक्त एकदा तिला घरी ठेवा आणि मला न्या.

२०१८ साली नकाशावर एकच तुकडा कोरा उरला होता. दोन कोसांचा असेल. एका लहानशा गावापासून टेकाडावरच्या पडक्या कोटापर्यंत. एकदा भरती लवकर आली म्हणून, एकदा त्र्यंबकरावांना ताप आला म्हणून, असे करत तो नेहमी राहून जाई. आता त्र्यंबकरावांच्या छातीला चढ सोसत नव्हता. सरोजिनीबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया ठरली होती आणि डॉक्टरांनी सांगितले होते, त्यानंतर चालायचे ते सपाट रस्त्यावर, कडे आणि डोंगर आता विसरा. म्हणजे हा डिसेंबर शेवटचा. चाळीस वर्षांची रेघ जुळली तर आता जुळणार, नाहीतर कधीच नाही.

सरोजिनीबाई आणि अकरा वर्षांची नात वल्लरी चालणार, त्र्यंबकराव पलीकडच्या कच्च्या रस्त्याने रिक्षातून कोटावर जाऊन बसणार, असे ठरले. निघायच्या आदल्या दिवशी सामानाची बोलणी चालली होती.

“आई, बाटली धुऊन ठेवली आहे,” ईश्वरी म्हणाली.

“तांब्या नेऊ या का म्हणते मी,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

काचेआड माझे कान टवकारले.

“अहो आई, भरला की केवढा जड होतो तो! गुडघे बघा तुमचे. बाटलीत पाणी संध्याकाळपर्यंत गार राहतं.”

“गार पाणी घेऊन काय करायचंय? समुद्रावर निघालीय ती, लग्नाच्या पंगतीला नव्हे,” वर्तमानपत्राआडून त्र्यंबकराव म्हणाले.

“तुम्ही सुम्मने, गप्प बसा हो. चालणार मी, ओझं माझं.”

“मग ने की बाटली. मी कुठे बेडा, नको म्हटलं?”

“आजी, तांब्याच ने ना! मी उचलते,” वल्लरी म्हणाली. “कोटावर त्याचा फोटो एवढा मस्त येईल. बाटलीचा फोटो कोण बघणार?”

सरोजिनीबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. “पहिल्या दिवशी हा होता. शेवटच्या दिवशी याला घरी ठेवायचं म्हणजे बरं दिसत नाही.”

झाले! ईश्वरीने मला बाहेर काढून चिंच आणि मिठाने असा घासला की तिचे तोंड माझ्या पोटात दिसू लागले. निळी बाटली ओट्यावर उपडी पडली होती. मी तिच्याकडे पाहिले. काय सांगू, तेवढा आनंद मला लग्नाच्या मांडवातही झाला नव्हता.

आणि आता ती गोष्ट सांगतो, जी मी इतकी वर्षे कुणाला सांगितली नाही. माझ्या आतली कल्हई गेली होती. पोटाच्या तळाशी पितळ उघडे पडले होते आणि कडेला हिरवट डाग आले होते. मला ते माहीत होते. ईश्वरीला नव्हते. तिच्या माहेरी सगळे स्टीलचे. भांडे बाहेरून चकाकले की स्वच्छ झाले, असेच तिला वाटे. पण सरोजिनीबाईंना कल्हईचे महत्त्व पुरते ठाऊक होते. त्यांनी मला हातात घेतले आणि झाकण काढून आत बोट फिरवले. बोट माझ्या गळ्यापर्यंतच पोचले. तिथे कल्हई शाबूत होती.

“आहे अजून,” त्या म्हणाल्या.

त्यांनी मला उजेडात धरून आत पाहिले असते तर त्यांना दिसले असते. त्या पाहतील की काय, या भीतीने मी त्या क्षणी कसा होतो ते सांगता येत नाही. त्यांनी पाहिले नाही. मला वाटले, मी जिंकलो.

किनाऱ्यावरच्या गावात त्यांचा मुक्काम नागरत्ना नावाच्या बाईंकडे असे. नागरत्नाबाई चार खोल्या पाहुण्यांना देत आणि स्वयंपाक करत. त्या कन्नडच बोलत. मी त्यांचे बोलणे तुम्हाला मराठीतून सांगतो. सकाळी निघताना त्यांनी मोठ्या कळशीतून ताक आणले, मज्जिगे. त्यात आले, मीठ, कढीपत्ता आणि हिंग. वाटसरूला ताक दिल्याशिवाय त्या काठावर कुणी सोडत नाही.

“अम्मा, उन्हात पाणी नको. हे भरून घ्या.”

“कलायी आहे ना ग त्याला?” त्र्यंबकरावांनी विचारले.

“बघितलीय हो. मघापासून मास्तरकी चाललीय तुमची.”

“मास्तरीण तू. मी आपला वर्गातला शेवटच्या बाकावरचा.”

सगळे हसले. ताक माझ्यात ओतले गेले. फिरकी घट्ट बसली.

त्र्यंबकराव रिक्षात बसून गेले. सरोजिनीबाई, वल्लरी आणि वाट दाखवायला स्वतः नागरत्नाबाई, अशा तिघी चालू लागल्या. वल्लरीने मला पिशवीत घालून खांद्याला लावले होते. तो सगळा सकाळचा रस्ता मला आठवतो. उजव्या हाताला समुद्र. खाली काळ्या खडकांवर लाटा फुटत होत्या. चढ आला की सरोजिनीबाई थांबत, गुडघ्यावर हात ठेवत आणि म्हणत, “समुद्र बघते आहे.” त्या समुद्र बघत नव्हत्या, हे वल्लरीलाही कळत होते. तीही थांबून समुद्र बघे.

“आजी, दुखतंय का?”

“दुखणं बरोबरच आणलंय ग. ते घरी राहत नाही.”

अकराच्या सुमाराला एका वळणावर समोर कोट दिसला. काळा बुरूज, त्यावर उगवलेली झाडे, आणि भिंतीवर एक पांढरा ठिपका. त्र्यंबकरावांचा सदरा. वल्लरीने ओढणी हलवली. ठिपक्याने टोपी हलवली असावी. अर्ध्या तासाची वाट उरली होती.

“बसू या दोन मिनिटं,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “तांब्या काढ.”

वल्लरीने पहिला घोट घेतला आणि लगेच थुंकला. “शी! आजी, हे कसंतरीच लागतंय. नाणं चाटल्यासारखं.”

त्या क्षणी सरोजिनीबाईंनी मला टाकून द्यायला हवे होते. पण त्यांनी माझी बाजू घेतली. “तुम्हाला प्लास्टिकची सवय. भांड्याची चव असते ती. आमच्या वेळी सगळं असंच लागायचं.” आणि त्या एक वाटी प्यायल्या. चेहरा किंचित आक्रसला. मग, जणू माझा मान राखायला, त्या दुसरीही प्यायल्या.

पंधरा मिनिटांत त्यांना मळमळू लागले. मग ओकारी. एक, दोन, पाच. त्या खडकावर बसल्या, मग आडव्या झाल्या. चेहरा पांढरा पडला. नागरत्नाबाईंनी मला उचलले, उजेडात धरले आणि आत पाहिले. इतक्या दिवसांत आत पाहणारे पहिले माणूस ते.

“अय्यो देवा! हिरवं झालंय सगळं आत. अम्मा, हे भांडं कुणी दिलं तुम्हाला?”

त्यांनी ताक कड्यावरून खाली फेकले.

सरोजिनीबाई कोपरावर उठल्या. “वल्लरी, हात दे. एवढंच तर राहिलंय. दिसतायत बघ ते.” दोन पावले टाकली आणि गुडघा दुमडला. वल्लरी रडू लागली.

“आजी, साकु! पुरे आता! मला भीती वाटते.”

सरोजिनीबाईंनी तिच्याकडे पाहिले. मग कोटाकडे पाहिले. मग म्हणाल्या, “बरं. साकु.” एवढेच.

नागरत्नाबाईंनी खालच्या वाळूवर जाळी वाळत घालणाऱ्या मंजुनाथाला हाक मारली. त्याने सरोजिनीबाईंना पाठीवर घेऊन खाली उतरवले आणि होडीतून परत गावात नेले. दोन दिवस दवाखान्यात सलाईन लागले. त्र्यंबकराव तीन वाजेपर्यंत बुरुजावर बसून होते. सोबत चहाचा थर्मास आणि लाल पेन्सील. तिथे फोन लागत नव्हता. ओढणी वळणावर दिसली होती, मग ती पुढे का आली नाही, हे त्यांना कुणी सांगितले नाही.

मित्रांनो, मला वाटले होते, आता मला मोडीत घालतील. तसे झाले असते तर बरे झाले असते. घरी आल्यावर ईश्वरी रडून म्हणाली, “माझं चुकलं आई, मी घासला होता.” त्यावर सरोजिनीबाई म्हणाल्या, “तुझं नाही ग. बोट मी फिरवलं. मला तोच न्यायचा होता, म्हणून मी जास्त बघितलं नाही.” माझे नाव कुणीच घेतले नाही. आणि मला तर सगळे आधीपासून माहीत होते.

आता पुढे कुणाचे काय झाले ते सांगतो. सरोजिनीबाईंचे गुडघे बदलले. त्या आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि तळ्याची सपाट फेरी रोज करतात. कडा त्यांनी पुन्हा पाहिला नाही. त्र्यंबकराव २०२१ साली गेले. जाण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी विचारले होते, “जोडून टाकू का ग रेघ? अर्ध्या तासाचं तर होतं.” त्या म्हणाल्या, “नको हो. आयुष्यभर मुलांना खोटा नकाशा शिकवला नाही.” नागरत्नाबाईंच्या चार खोल्यांच्या सात झाल्या. त्या अजून प्रत्येकाला ताक देतात, पण आधी भांडे मागून घेऊन आत बघतात. मंजुनाथाने होडीला मोटर बसवली. वल्लरी आता कॉलेजात आहे. गेल्या डिसेंबरात ती मैत्रिणींबरोबर जाऊन तो तुकडा चालून आली. मोबाईलवर तिने फोटो दाखवला. कोनाड्यातला मारुती, त्याचे ओले पाय, आणि शेजारी उभी निळी बाटली. सरोजिनीबाईंनी तिची पाठ थोपटली आणि म्हणाल्या, “हा तुझा तुकडा. तुझ्या नकाशावर काढ. माझा राहिला तो राहिला.”

ईश्वरीने पुष्कळ चौकशी केली. बन्नूरच्या बाजारात एक म्हातारा अजून कल्हई करतो असे कळल्यावर ती मला मांडीवर घेऊन बसने तिथे गेली आणि पूर्ण होईपर्यंत समोर उभी राहिली. आता दर वर्षी जाते. मी आतून पुन्हा पांढरा आहे. मी पुन्हा काचेआड आहे.

आणि मित्रांनो, माझा हेवा संपला असे सांगितले तर ते खोटे होईल. तो फोटो पाहून माझ्या पोटात दुखलेच. रोज सकाळी ती निळी बाटली सरोजिनीबाईंच्या हातात दाराबाहेर पडते तेव्हा आजही दुखते. म्हणून तुम्हाला एक सांगणे आहे. घरातले जुने भांडे कौतुकाने उचलाल तेव्हा बाहेरच्या चकाकीवर जाऊ नका. त्याला उजेडात धरा आणि तळापर्यंत पाहा. काही बिघडले असेल तर आम्ही ते आपणहून सांगणार नाही. आम्हाला कुणीतरी बरोबर न्यावे, याची आम्हाला फार हौस असते.